जुनी जीप घरी उघडण्याआधी: नोंदणी, नूतनीकरण आणि व्हिंटेज अर्जाची माहिती

जीपचा पहिला बोल्ट सोडवण्याआधी चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा, पेन्सिल प्रिंट (वर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा) काढून ठेवा. तो आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नंबराशी आकडा न् आकडा जुळला, तरच पुढे हात घाला. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. बॉडी उतरवली, चेसिसला सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं) करून घेतलं, वर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या तपासणीच्या, वेळी नंबरातले शेवटचे दोन आकडे वाचता येईनात. गंजाने ते आधीच उथळ झाले होते, उरलेसुरले ब्लास्टिंगमध्ये गेले. त्या दोन आकड्यांपायी तयार झालेली गाडी कित्येक महिने शेडमध्ये उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्राने अमेरिकन विलीस जीप इथे जुळवायला सुरुवात केली. त्या जीप आणि पुढचं सीजे-3बी हे मॉडेल महाराष्ट्रात गोठ्याशेजारी, कारखान्याच्या आवारात, आजोबांच्या वाड्याच्या मागे आजही सापडतात. सोबतीला लष्करातून निघालेल्या जोंगा, म्हणजे जबलपूरला बनलेल्या जीपसारख्या लष्करी गाड्या. गिअरबॉक्स कसा उतरवायचा हे दाखवणारे पुष्कळ आहेत. गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी काय लागतं हे मात्र एका जागी मिळत नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

आधी मार्ग ठरवा

मार्ग दोन आहेत: खासगी गाडी म्हणून आरसीचं नूतनीकरण, किंवा व्हिंटेज म्हणून नोंदणी. हे कामाच्या शेवटी ठरवून चालत नाही, कारण गाडीत काय बदलता येईल हे मार्गावरच अवलंबून आहे.

व्हिंटेजचे नियम केंद्राने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातले. पात्रता अशी: वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. म्हणजे 1968 ला नोंदवलेली जीप वयाने बसते, 1979 ची अजून बसत नाही. मालवाहू ट्रक या व्याख्येत येतच नाही. आरसीवर 'गुड्स' लिहिलेली पिकअप जीप कितीही जुनी असली तरी व्हिंटेजच्या अर्जाला चालायची नाही. जोंगाच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तिचं निर्मितीवर्ष आणि लष्करातून बाहेर आल्यावरची नागरी नोंदणी यांत बरीच वर्षं गेलेली असतात. कोणती तारीख धरणार, हे काम काढण्याआधीच आरटीओत विचारून घ्या.

व्हिंटेजचा अर्ज फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत विमा पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंद झालेली असेल तर जुनी आरसी, आणि परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीचं 5,000. फॉर्म 23अ मधली आरसी 60 दिवसांत मिळावी असं नियम सांगतो, आणि ती 10 वर्षं चालते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. तीन अक्षरी जुना नंबर असेल तर तो सोडू नका, माझ्या मते जीपचं अर्धं रूप त्या नंबरात असतं. नव्याने नोंद झाली तर एमएच, त्यापुढे व्हीए, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे असा नंबर येतो.

अट मोठी आहे ती वापराची. व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला नाही. रविवारी पोरांना घेऊन राजगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं असेल, शेतावर चक्कर मारायची असेल, तर साधं नूतनीकरणच करा. बहुतेकांना मी हाच सल्ला देतो.

साधं नूतनीकरण

खासगी गाडीची आरसी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर वेळी 5 वर्षांसाठी वाढते. अर्ज फॉर्म 25 मध्ये, परिवहन पोर्टलवरून, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चेसिसचा पेन्सिल प्रिंट, पॅन कार्ड किंवा ते नसेल तर फॉर्म 60, पत्त्याचा पुरावा, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. कागद दिल्यावर गाडी पासिंगला न्यायची.

ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढलं. हलक्या चारचाकीला ते 10,000 रुपये आहे, आणि आयात केलेल्या चारचाकीला 80,000. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेत बनलेली विलीस किंवा फोर्ड असेल तर आरसीवर 'इम्पोर्टेड' लिहिलं आहे का, ते आधी पाहा. मुदत संपून गेली असेल तर चारचाकीला महिन्याला 500 रुपये जादा लागतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीची ही रक्कम सुट्या भागांचं बजेट बांधण्याआधी आरटीओकडून काढून घ्या.

खूप जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसण्याची शक्यता बरीच असते. पोर्टलवर नंबर टाकला आणि काही आलं नाही, तर घाबरू नका. ज्या आरटीओत मूळ नोंद झाली तिथल्या नोंदवहीतून माहिती काढून बॅकलॉग नोंद करावी लागते. ती झाल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. याला वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. बॉडी रंगेपर्यंत तोही मार्गी लागेल.

गाडी कुठून आली, त्यावर कागद

आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. नियमाने मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडे वीस-वीस वर्षं कोणी करत नाही, आणि मग भावकीतल्या सात जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. सह्या आधी घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर त्या मिळणं अवघड जातं.

विकत घेतली असेल तर फॉर्म 29 आणि 30, विकणाऱ्याच्या सहीने. सरकारी खात्याच्या जाहीर लिलावातून घेतली असेल तर फॉर्म 32, 30 दिवसांच्या आत. लष्करातून निघालेली, नागरी नोंदणी न झालेली गाडी असेल तर लष्कराच्या संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्सवर किंवा 'लिलावाची पावती हरवली, पण गाडी खरी आहे' अशा शब्दावर जोंगा घेऊ नका.

परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी आणि इथे नव्या नंबरासाठी फॉर्म 27. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म 26. आरसीवर एखाद्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटून जमाना झाला तरी फॉर्म 35 देऊन तो उतरवावा लागतो. ती सोसायटी आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर शोधाशोध आलीच.

वडापला चालणाऱ्या जीप आपल्याकडे पुष्कळ होत्या. अशी जीप आरसीवर प्रवासी वाहतुकीची असेल तर आधी परमिट जमा करणं, थकीत कर भरणं आणि खासगीत रूपांतर, हे सगळं पार पडल्यावरच नूतनीकरण.

गाडी सुटी करून ठेवली म्हणून आरसी जमा करायची चूक मात्र करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार आरसी रद्द होते ती गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर. तुमची गाडी निकामी नाही, ती फक्त खोक्यांत भरलेली आहे.

काय बदलता येतं

कलम 52 चा गाभा असा, की आरसीवर लिहिलेलं आणि निर्मात्याने ठरवलेलं वर्णन बदलेल असा फेरफार करता येत नाही. कलम 182अ खाली बेकायदा फेरफाराला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सर्वात जास्त अडतं ते इंजिनावर. पेट्रोल महाग वाटलं म्हणून हजारो जीपच्या हरिकेन इंजिनाच्या जागी एके काळी ट्रॅक्टरचं किंवा प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. काहींनी आरसीवर नोंद करून घेतली, अनेकांनी नाही. तुमच्या आरसीवर पेट्रोल आहे आणि बोनेटखाली डिझेल, तर काम तिथेच थांबवा आणि आधी आरटीओशी बोला. व्हिंटेजच्या मार्गाला तर असं इंजिन चालतच नाही. मूळ पद्धतीचं इंजिन शोधून बसवणार असाल तर त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद घ्या, आणि मंजुरी घेऊनच बसवा. इंजिन नंबर बदलला तर आरसीवर नवा नंबरच आला पाहिजे.

रंगाचंही तसंच. जीप म्हटलं की डोळ्यासमोर लष्करी ऑलिव्ह ग्रीन येतो, पण केंद्रीय नियम 121 नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. पासिंगला नेलेल्या ऑलिव्ह ग्रीन जीपला पुन्हा रंगवून आणायला सांगतात आणि ते योग्यच आहे. आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा रंग देणार असाल तर बदल नोंदवून घ्या.

ब्रेकचे सिलिंडर, पाटे, बुश, किंग पिन, क्लच प्लेट, बेअरिंग, वायरिंग, टपाचं कापड, हे सगळं मनसोक्त नवं करा, ती देखभाल आहे. जुन्या विलीसची 6 व्होल्टची वायरिंग 12 व्होल्टवर नेली तरी आरसीवरचं काही बदलत नाही. गंजलेल्या पत्र्याला ठिगळ लावणं ठीक. अख्खी बॉडी नवी आणणं हा वेगळा विषय आहे आणि व्हिंटेजला तो नडतो. चेसिस कापून लांब-आखूड करणं तर नकोच.

चेसिस नंबर खरंच पुसट असेल तर स्वतः पंच मारू नका. कितीही सरळ हेतूने मारलेला असो, बाहेरून तो चोरीच्या गाडीवरच्या खाडाखोडीसारखाच दिसतो. गंज काढण्याआधीचे फोटो, जुना पेन्सिल प्रिंट, डॅशबोर्डवरची मूळ प्लेट हे सगळं घेऊन आरटीओकडे अर्ज करा आणि त्यांच्या परवानगीनेच नंबर पुन्हा पंच करून घ्या. नंबराच्या जागी ब्लास्टिंग आणि पुट्टी दोन्ही टाळा. ग्रीस लावून टेपने झाकलं की पुरतं.

पासिंगचा दिवस

विमा थर्ड पार्टीचा तरी हवाच. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला 2022 च्या दरपत्रकात थर्ड पार्टी हप्त्यावर 50 टक्के सूट आहे. पीयूसीत बीएस-2 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. कार्ब्युरेटर नीट जुळवला तर जुनं इंजिनही त्यात बसतं. आदल्या दिवशी जुळवा, पंधरवड्याआधी नव्हे.

आरसीची मुदत संपलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नका, टोइंगच्या ट्रकवर चढवा. हेडलाइटचा अप्पर-डिप्पर, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, आरसे, हँडब्रेक हे सगळं निघण्याआधी तपासा. हँडब्रेक विशेष पाहा. विलीस घराण्यात तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर, लागतो, आणि तेलाची सील गळत असेल तर लायनर भिजून तो धरतच नाही. माझी जीप दुसऱ्या खेपेला परत आली ती यामुळेच. सील 2 तासांत बदलली आणि पुढच्या तारखेला पास झाली.

आरसी हातात आली की, 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीलाही महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) सक्तीची आहे. तिचा अर्ज त्याच संध्याकाळी भरून टाका.