नाव लिहिलं, तरी पत्ता जुनाच

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे आलेली मागणी स्वतः घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा प्रोग्रॅम. त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) मागच्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) लिहायचा की होस्टनेम (नाव), हा विषय निघाला की जुनी मंडळी आयपीची बाजू घेतात. अडाणीपणानं नव्हे, हात पोळलेत म्हणून.

हॅप्रॉक्सी आणि इंजिनएक्स हे असे दोन प्रोग्रॅम. हॅप्रॉक्सी २००१ चं, इगोर सिसोएव यांचं इंजिनएक्स लोकांपुढे आलं २००४ साली. तेव्हा मागचा सर्व्हर म्हणजे रॅकमध्ये बसवलेलं खरंखुरं यंत्र. एकदा बसलं की त्याचा आयपी सहसा हलायचा नाही. त्यामुळे दोन्हींनी एकच रीत धरली: सुरू होताना नावाचा पत्ता डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारायचा, मिळालेला आयपी ध्यानात ठेवायचा आणि पुढे त्यावरच चालायचं. डीएनएसच्या उत्तराचा टीटीएल, म्हणजे ते ग्राह्य धरायची मुदत, एक मिनिट असो की एक दिवस, पुन्हा विचारणा नाही. यामागे कारणही होतं. इंजिनएक्सचा एक वर्कर (काम करणारी प्रोसेस) हजारो कनेक्शनं सांभाळतो. नाव शोधायचं सिस्टिमचं नेहमीचं फंक्शन उत्तर येईपर्यंत अडून राहतं, म्हणजे एका नावापायी सगळ्यांचा खोळंबा. आणखी एक खोड म्हणजे, सुरू होताना डीएनएसनं नाव ओळखलं नाही तर 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' (मागच्या सर्व्हरचं नाव सापडलं नाही) म्हणत इंजिनएक्स सुरूच होत नाही. अशा वेळी आयपी लिहिणारा निवांत झोपतो.

हे गणित क्लाउडनं मोडलं. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोड बॅलन्सर (आलेली मागणी अनेक सर्व्हरांत वाटणारी सेवा) आणला तो नुसतं डीएनएस नाव हातात देऊन. त्यामागचे आयपी ॲमेझॉन वाटेल तेव्हा बदलणार. प्रॉक्सी मात्र सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावानं जुन्याच दारावर टकटक करत राहणार. मग काही दिवस सुरळीत चाललेली साइट अचानक ५०४ (मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर नाही) ही चूक देऊ लागते, प्रॉक्सीचं कॉन्फिग रीलोड केलं की बरी होते, आणि कारण कुणालाच कळत नाही. मीही यात एक अख्खा शनिवार घालवला आहे.

यावर लोकांनी एक पळवाट शोधली. इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये मागणी कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या 'प्रॉक्सी पास' ओळीत थेट नाव न देता ते व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि रिझॉल्व्हर म्हणून डीएनएस सर्व्हरचा पत्ता द्यायचा. मग इंजिनएक्स चालू असतानाच, न अडता, टीटीएलप्रमाणे विचारणा करतं. (हा रिझॉल्व्हर होस्ट्स फाइल (यंत्रावरचीच नावं-पत्त्यांची यादी) वाचत नाही. 'पिंग चालतंय, मग हे का नाही' याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.) युक्ती फुकट मात्र नाही: व्हेरिएबल आलं की यूआरएलचा मार्ग पुढे पाठवायचे नियमही बदलतात.

प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरनं तर आयपीची उरलीसुरली पतही घालवली. कंटेनर नव्यानं उभा राहिला की आयपी वेगळा असू शकतो. २०१६ च्या १.१० आवृत्तीत १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकरचा स्वतःचा डीएनएस आला आणि कंटेनरला नावानंच हाक मारायची सवय पक्की झाली. हॅप्रॉक्सीनं २०१५ मध्येच, १.६ आवृत्तीत, चालू असताना नाव पुन्हा शोधायची सोय दिली होती. इंजिनएक्समध्ये अपस्ट्रीमच्या (मागच्या सर्व्हरांच्या यादीतल्या) सर्व्हर ओळीवर 'रिझॉल्व्ह' लिहायची सोय बरीच वर्षं फक्त पैसे मोजणाऱ्यांना होती. मोफत आवृत्तीत ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, १.२७.३ पासून आली. उबुंटू २४.०४ च्या पॅकेजमध्ये इंजिनएक्स १.२४ आहे, त्यामुळे तिथे अजून व्हेरिएबलचाच आधार.