भिंतीत मुरलेली ओल: अ‍ॅडेनोमायोसिस आणि दिवस राहणं

सोनोग्राफी झाली की हातात रिपोर्ट येतो. त्यात अगदी शेवटी, ‘इम्प्रेशन’ या शब्दाखाली लिहिलेलं असतं, ‘बल्की युटेरस’. घरी पोचेपर्यंत त्याचं मराठी होतं, “पिशवीला सूज आहे.” सूज म्हटली की ती उतरेल असंच वाटतं. गोळ्या घेऊ, शेक घेऊ, पुढच्या पाळीपर्यंत बरं वाटेल. बाळासाठी दोन-तीन वर्षं प्रयत्न करणाऱ्या बाईला मग कुणीतरी आतून सोनोग्राफी करायला सांगतं आणि त्या रिपोर्टवर नवाच शब्द उगवतो, अ‍ॅडेनोमायोसिस. तो धड उच्चारता येईपर्यंत आठवडा जातो.

मला यात ‘पिशवी’ हा शब्द पहिल्यापासून खटकतो. पिशवी म्हणजे काहीतरी ठेवायची जागा. भरली तर भरली, नाही तर घडी घालून ठेवली, जुनी झाली तर टाकली. गर्भाशय असं निपचित पडून नसतं. ते मुठीएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांबीचं, जाड भिंतीचं स्नायूंचं इंद्रिय आहे आणि ते सतत हलत असतं. पोटात बाळ नसतानाही. अ‍ॅडेनोमायोसिसमुळे दिवस राहायला अडचण का येते, याचं निम्मं उत्तर या हालचालीत आहे.

आधी भिंत बघू. गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने गळून जातं. त्याच्या मागे स्नायूचा जाड थर. आतड्यात अस्तर आणि स्नायू यांच्या मध्ये आणखी एक थर असतो, दोघांना वेगळं ठेवणारा. गर्भाशयात तो नाही. अस्तरातल्या ग्रंथींचं बूड थेट स्नायूवर टेकलेलं असतं. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये अस्तरासारख्याच ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीचा पेशीसमूह स्नायूच्या आत सापडतो. आत असला तरी तो हॉर्मोन्सचं ऐकतो. काही ठिकाणी तिथेच बारीक रक्तस्राव होतो, दाह होतो, भोवतालचा स्नायू फुगून जाड होतो आणि गर्भाशय हळूहळू चेंडूसारखं गोल दिसायला लागतं. तेच आपलं ‘बल्की’.

फायब्रॉइड आणि अ‍ॅडेनोमायोसिस यांची बायकांच्या गप्पांमध्ये नेहमी गल्लत होते. फायब्रॉइड म्हणजे गाठ. फणसाच्या गऱ्यातून आठळी निघावी तशी ती भोवतालच्या स्नायूपासून सोलून काढता येते. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणजे पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि खरवडायला गेलं तर चांगली भिंतही बरोबर येते. हा फरक पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी फार महागात पडतो.

आता हालचाल. स्नायूचा सगळ्यात आतला पट्टा, अस्तराला लागून असलेला, महिनाभर बारीक लहरींनी हलत असतो. पाळीच्या दिवसांत या लहरी वरून खाली जातात, रक्त बाहेर लोटायला. बीज सुटायच्या सुमारास त्यांची दिशा उलटी होते, खालून वर. 1996 साली जर्मन संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शुक्राणूच्या आकाराचे, किरणोत्सारी खूण केलेले कण त्यांनी योनीत गर्भाशयाच्या मुखाजवळ ठेवले आणि कॅमेऱ्याने त्यांचा माग काढला. कणांना शेपटी नव्हती, पोहायची सोय नव्हती. तरी काही मिनिटांत ते गर्भाशयात चढले, आणि ज्या बाजूच्या बीजांडात त्या महिन्याचं बीज तयार होत होतं, बहुतेक त्याच बाजूच्या नळीकडे गेले. शुक्राणूंच्या शर्यतीची चित्रं आपण शाळेपासून पाहतो. त्या शर्यतीत बराचसा रस्ता गर्भाशयच त्यांना वाहून नेतं, हे त्या चित्रात कधी नसतं.

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढतं आणि लहरी मंदावतात. फलन झाल्यापासून साधारण सहा-सात दिवसांनी गर्भ अस्तराला चिकटू पाहतो, तेव्हा भिंत शांत असावी लागते. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये नेमकी हीच शांतता मिळत नाही. लहरी जास्त वेळा येतात, वेड्यावाकड्या येतात. भर म्हणून त्या जागी इस्ट्रोजेन स्थानिक पातळीवरही तयार होतं आणि प्रोजेस्टेरॉनला पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. गर्भाला रुजवून घेण्यासाठी अस्तरात ठरावीक दिवशी जी जनुकं जागी व्हावी लागतात, त्यांतलं होक्स-ए-10 हे एक. अशा स्त्रियांच्या अस्तरात त्याचं काम कमी आढळलं आहे.

याचा परिणाम किती? 2014 साली इटलीतल्या डॉक्टरांनी आयव्हीएफचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. अ‍ॅडेनोमायोसिस असलेल्यांपैकी 40.5 टक्के स्त्रियांना दिवस राहिले, नसलेल्यांपैकी 49.8 टक्के. गर्भपाताचं प्रमाण मात्र 31.9 विरुद्ध 14.1 टक्के होतं, म्हणजे दुपटीहून जास्त. हे आकडे सांगताना बहुतेक जण फक्त तोटा सांगतात. मला त्यात 40 हा आकडाही दिसतो. शंभरातल्या चाळीस जणींना दिवस राहिले, याच भिंतीत.

स्पेनमधल्या एका अभ्यासाने गोष्ट आणखी उलगडली. त्यातल्या स्त्रियांना तरुण दात्यांची बीजं दिली होती, म्हणजे बीजाच्या वयाचा मुद्दा बाजूला झाला. 2011 साली आलेल्या या निष्कर्षांत गर्भ रुजण्याचं प्रमाण अ‍ॅडेनोमायोसिस असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत सारखं निघालं, पण गर्भपात अ‍ॅडेनोमायोसिसच्या गटात जास्त होते. दिवस राहणं आणि दिवस टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या आज्यांना माहीत होतंच. सगळे अभ्यास या बाबतीत एका सुरात बोलत नाहीत, कारण आजार कुणाला म्हणायचं आणि तो किती पसरलाय हे कसं मोजायचं, यावरच बरीच वर्षं एकमत नव्हतं.

त्यालाही इतिहास आहे. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने 1860 मध्ये गर्भाशयाच्या स्नायूत अशा ग्रंथी पाहिल्या, बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी 1908 मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि अ‍ॅडेनोमायोसिस हे नाव रुळलं ते 1925 मध्ये फ्रँकल यांच्यामुळे. पण निदान करायचं तर गर्भाशय काढून, काप घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागे. गर्भाशय कुणाचं काढलं जातं? चाळिशी ओलांडलेल्या, मुलं झालेल्या बाईचं. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं छापलं गेलं की हा आजार चाळिशीनंतरचा, दोन-तीन बाळंतपणं झालेल्यांचा. मूल होत नसलेल्या तिशीतल्या बाईचं गर्भाशय कुणी कापून पाहतच नव्हतं, मग तिच्यात तो सापडणार कसा! जाळ्याची भोकं मोठी असली की तळ्यात बारीक मासे नाहीत असंच वाटतं.

‘पिशवी काढणे’ हा उपाय आपल्याकडे किती सहज सुचवला जातो, हे 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या निमित्ताने चव्हाट्यावर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या किती जणींच्या दुखण्यामागे अ‍ॅडेनोमायोसिस होतं आणि किती जणींना काहीच नव्हतं, ते आता कोण सांगणार?

एमआरआय आणि चांगल्या प्रतीची आतून केलेली सोनोग्राफी आल्यावर चित्र पालटलं. एमआरआयमध्ये स्नायूचा तो आतला पट्टा वेगळा दिसतो, आणि त्याची जाडी 12 मिलिमीटर किंवा जास्त असली की संशय बळावतो. सोनोग्राफीत काय पाहायचं याच्या खुणा तज्ज्ञांच्या गटाने 2015 मध्ये ठरवल्या आणि 2022 मध्ये त्या दुरुस्त केल्या. स्नायूत बारीक पाण्याच्या पोकळ्या, पांढरट बेटं, अस्तरातून स्नायूत शिरणाऱ्या रेषा, या थेट खुणा. गोल आकार किंवा एक भिंत दुसरीपेक्षा जाड, या नुसत्या सूचक. म्हणजे ‘बल्की युटेरस’ एवढ्यावर निदान होत नाही. आणखी एक, रक्तातलं सीए-125 हे प्रथिन, जे बीजांडाच्या कॅन्सरसाठीही तपासतात, या आजारात वाढलेलं असू शकतं. तो आकडा इंटरनेटवर टाकून कॅन्सरच्या भीतीने रात्र जागवू नये. अ‍ॅडेनोमायोसिस हा कॅन्सर नाही.

हे होतं कशामुळे? एक मत असं की त्या सततच्या लहरींमुळेच अस्तर आणि स्नायूच्या सांध्याला बारीक इजा होते, ती भरून येताना ग्रंथी आत शिरतात. वारंवार क्युरेटिंग झालेल्या स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो, ते या मताला धरूनच आहे. जपानी शास्त्रज्ञांना 2019 मध्ये अनेक रुग्णांच्या या पेशींत केआरएएस जनुकातले बदल सापडले. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे ज्यात अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाच्या बाहेर वाढतो आणि बीजांडात चॉकलेट सिस्ट होऊ शकते तो आजार, बऱ्याचदा जोडीला असतो. “लग्न उशिरा केलंस म्हणून झालं” हे मात्र कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

उपचारात खरा तिढा असा आहे की जी औषधं या आजाराला शांत करतात, ती घेत असताना दिवस राहत नाहीत. डायनोजेस्टच्या गोळ्या, हॉर्मोन सोडणारी तांबी, ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं, सगळ्यांचा मार्ग तोच: बीज सुटणं थांबवा किंवा अस्तर झोपवा. दुखणं कमी होतं आणि महिने निघून जातात. म्हणून बाळ हवं असेल तर औषधापेक्षा वेळापत्रकाला जास्त किंमत आहे. आयव्हीएफ करायचं ठरलं तर अनेक ठिकाणी आधी बीजं काढून गर्भ तयार करतात आणि गोठवतात. मग दोन-तीन महिने ल्युप्रोलाइड देऊन भिंत शांत करतात, आणि ती पुन्हा जागी व्हायच्या आत गर्भ सोडतात. इंजेक्शनच्या काळात अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. तात्पुरती रजोनिवृत्तीच ती. याने प्रत्येकीला फायदा होतो असा ठाम पुरावा नाही, पण गर्भाशय बरंच मोठं असेल किंवा गर्भ आधी एक-दोनदा रुजला नसेल, तर डॉक्टर हा मार्ग सुचवतात.

सगळ्याच जणींना आयव्हीएफ लागतं असंही नाही. वय कमी, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, असं असेल तर आपोआप दिवस राहिलेल्याही पुष्कळ आहेत. (नवऱ्याची तपासणी शेवटी करायची आपली रीत आहे. सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी तीच, तरी.) पस्तिशीच्या पुढे सहा महिन्यांहून जास्त वाट पाहू नये. जास्त अंगावर जात असेल तर हिमोग्लोबिन आधी भरून काढावं. पाळीत दुखतं म्हणून घेतलेली मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी पाळीत ठीक, पण बीज सुटायच्या दिवसांत अशा गोळ्यांनी बीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो. प्रयत्न चालू असतील तर ती कोणत्या दिवशी घेताय ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.

शस्त्रक्रिया हा शेवटचा आणि अवघड मार्ग. ओल खरवडायची आणि भिंत उभीही ठेवायची. जपानच्या हिसाओ ओसादा यांनी आजारी भाग काढून उरलेला स्नायू तीन पदरांत एकमेकांवर शिवायची पद्धत काढली. 2011 मध्ये त्यांनी 104 स्त्रियांचा अनुभव मांडला. बाळ हवं असलेल्या 26 जणींपैकी 16 जणींना दिवस राहिले, 14 जणींची सुखरूप बाळंतपणं झाली. हे कसबी हातांचे आकडे आहेत. एरवी अशा शस्त्रक्रियेनंतर गरोदरपणात किंवा कळांच्या वेळी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो, म्हणून बाळंतपण ठरवून सिझेरियननेच करतात.

शस्त्रक्रिया झालेली नसली तरी अ‍ॅडेनोमायोसिस असलेल्या गरोदरपणात बाळ लवकर येणं, रक्तदाब वाढणं, बाळाचं वजन कमी भरणं यांची शक्यता थोडी जास्त असते. आणि इथे आपल्याकडची एक रीत आडवी येते. उपचार पुण्या-मुंबईत होतात, सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होतं आणि पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सोबत नऊवारी, मेथीचे लाडू, बाळाची दुपटी असं सगळं जातं. वंध्यत्वाच्या दवाखान्यातली जाड फाइल कपाटातच राहते, कारण आता गोड बातमी झाली, जुनं कशाला उकरायचं. माहेरच्या डॉक्टरांपुढे येते ती एक साधी, निरोगी दिसणारी गरोदर बाई. तिच्या गर्भाशयाची भिंत आधी शिवलेली आहे, हे त्या फाइलमध्ये तिसऱ्या पानावर लिहिलेलं असतं.