ना-हरकत दाखला वेगळा, आडवी बाटली वेगळी

१५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा झाल्या की दोन-चार दिवसांत स्थानिक पेपरात ठरलेली बातमी येते, "दारू दुकान बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर", सोबत सरपंच आणि महिला मंडळाचा फोटो, आणि त्याच दिवशी सकाळी त्याच दुकानाचं शटर नेहमीसारखं वर. मग पारावर चर्चा सुरू, दुकानदाराने पैसे चारले, एक्साइजवाले विकले गेले, सरपंच आतून फितूर. असतीलही फितूर, पण इथे कुणी फितूर व्हायची गरजच पडत नाही, कारण त्या ठरावात चालू दुकान बंद करायची ताकदच नव्हती. आणि उलट बाजूला धंदेवाले, ते म्हणतात ग्रामपंचायतीचा दाखला खिशात आहे, आता परवाना झालाच समजा. तेही चूक. नव्या दुकानाला लागणारी ना-हरकत आणि चालू दुकान बंद करायचं मतदान, या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय आणि पेपरवाले, पुढारी, मोर्चेवाले सगळे मिळून ती रोज ढवळतायत.

पहिली गोष्ट ना-हरकत. ही सगळ्यांना माहितीय म्हणून फार वेळ घालवत नाही. कुणाला ढाब्याला जोडून परमिट रूम टाकायचीय, बिअर शॉपी काढायचीय किंवा दुसरीकडचं दुकान आपल्या गावात आणायचंय, तर फायलीत बाकीच्या कागदांसोबत ग्रामसभेचा ठराव लागतो की आमची हरकत नाही. परवाना देणारे कोण, तर जिल्हाधिकारी, राज्य उत्पादन शुल्क (एक्साइज) खात्यामार्फत, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली. (हो, परवाने ज्या कायद्याखाली मिळतात त्याचं नाव दारूबंदी कायदा आहे, त्यावर विनोद करून झालेत सगळे.) म्हणजे "ग्रामपंचायतीने बारला परवाना दिला" ही हेडलाइन कधीच खरी नसते. ग्रामपंचायत परवाना देत नाही आणि परवाना रद्दही करत नाही, ती फक्त मत कळवते. ते मत नकाराचं असेल तर नव्या माणसाची फाइल अडते हे खरं, म्हणून त्या कागदाला किंमत. महापालिकेचंही तेच. खारघरवाल्यांना विचारा, ग्रामपंचायत होती तेव्हापासून दारूमुक्तीची मागणी, मग २०१६ ला पनवेल महापालिका आली, मोर्चे झाले, ठराव झाले, पण परवान्यावरची सही शेवटपर्यंत पालिकेच्या हातात आलीच नाही.

यात एक छोटी मेख सांगून पुढे जातो. ग्रामपंचायतीची मासिक सभा म्हणजे सरपंच आणि सदस्य, सात-नऊ-अकरा डोकी. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. मासिक सभेत गुपचूप ठराव करून लेटरहेडवर "ग्रामसभेची हरकत नाही" असा दाखला देणं हा प्रकार इतका चालतो की काही ठिकाणी ती पद्धतच समजतात. तसा दाखला कुणी दाखवला तर ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक मागा, तारीख बघा, उपस्थितीच्या सह्या बघा, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा झाली होती का तेही बघा. अर्ध्या भानगडी त्या वहीतच सापडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उभी बाटली आडवी बाटली. चालू असलेलं, परवाना असलेलं दुकान बंद करायचं असेल तर हाच रस्ता. २५ मार्च २००८ चा शासनाचा आदेश आहे, गावालाही लागू आणि शहरातल्या वॉर्डालाही. ठराव किंवा निवेदन ही यातली फक्त पहिली पायरी, म्हणजे गावाने दार वाजवलं एवढंच. एकूण मतदारांपैकी किंवा एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के सह्या लागतात, एक्साइजचे अधिकारी त्या सह्या पडताळतात, बाई समोर उभी करून सही तुमचीच का विचारतात, मग तारीख ठरते, मतदान केंद्र लागतं, मतपत्रिका छापतात, त्यावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गुप्त मतदान. मागणी महिलांची असेल तर मतदानही महिलांचंच घेतात, अनेक गावांत तसंच झालंय.

आता खरी गोची, आणि हा लेख मी याच एका गोष्टीसाठी लिहितोय, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ग्रामसभेत जे आले त्यांच्यातलं बहुमत बघतात. बाटलीच्या मतदानात जे आले त्यांच्यातलं नाही, यादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्यातलं बहुमत लागतं, निम्म्याहून जास्त. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. आपल्याला आमदारकी-खासदारकीची सवय, ज्याला जास्त मतं तो निवडून आला, त्यामुळे हे डोक्यात शिरतच नाही.

हिशोब करून दाखवतो. समजा गावात महिला मतदार ११८०. २५ टक्के म्हणजे २९५ सह्या, त्या जमतात, बचत गटाच्या बाया दोन संध्याकाळी फिरल्या तरी जमतात. मतदानाच्या दिवशी ८२० बाया आल्या. आडव्या बाटलीला ५८०, उभ्या बाटलीला २३२, आठ मतं बाद. कुठल्याही निवडणुकीत याला लाट म्हणतात. इथे? इथे दुकान चालू. कारण ११८० चे निम्मे ५९०, म्हणजे किमान ५९१ पाहिजेत, आणि तुमच्याकडे ५८० आहेत. अकरा कमी. बाहेर गुलाल घेऊन उभ्या असलेल्या पोरांना हे कळत नाही आणि मग तहसीलदाराच्या गाडीला घेराव.

म्हणजे जी ३६० बाई घरी बसली ती कोणाच्या बाजूची? कागदावर कोणाच्याच नाही, हिशोबात मात्र उभ्या बाटलीच्या. जी आलीच नाही तिचं मत दुकानदाराला. आणि जी मरून चार वर्षं झाली, नाव यादीत तसंच, तिचंही. जी लग्न होऊन सासरी गेली पण नाव माहेरच्या यादीत राहिलं, तिचंही. पुण्या-मुंबईला नवऱ्यासोबत राहायला गेलेली, तिचंही. बीड, अहिल्यानगरच्या गावांत तर दिवाळीच्या आसपास अर्धी वस्ती ऊसतोडीला निघून जाते ती उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही, आणि मतदानाची तारीख नेमकी जानेवारीत आली की संपलं, निकाल लावायला मतपेटी उघडायची पण गरज नाही. दुकानदाराला म्हणून एकही मत विकत घ्यावं लागत नाही, त्याने फक्त त्या दिवशी बाया घरात राहतील एवढं बघायचं. शेतात कामाला दुप्पट मजुरी, देवदर्शनाला फुकट गाडी, असले प्रकार का होतात ते आता लक्षात आलं असेल.

यावर काही लोक म्हणतात हा नियमच दुकानदारांच्या सोयीचा आहे. मला तसं पूर्ण वाटत नाही. एखाद्याने रीतसर फी भरून परवाना घेतलाय, दरवर्षी मार्चअखेर नूतनीकरण करतो, चार पोरं कामाला ठेवलीयत, त्याचा धंदा कायमचा बंद करायचा तर निम्म्या गावाने येऊन सांगावं, ही अट मला तरी अन्यायाची वाटत नाही. पण मग यादी तरी स्वच्छ द्या ना. मेलेल्यांची नावं ठेवून एकूण मतदार मोजायचे हा न्याय नाहीये.

आता परत ग्रामसभेकडे बघा म्हणजे फरक किती मोठा आहे ते दिसेल. ग्रामसभेची गणपूर्ती किती, तर १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. म्हणजे अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की सभा कायदेशीर. आणि तेवढीही नाही जमली तर सभा तहकूब करायची, तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. तिथे वीस जण बसून "एकमताने मंजूर" लिहू शकतात. म्हणजे नव्या परमिट रूमला हो म्हणायला किंवा नाही म्हणायला मूठभर माणसं पुरतात, आणि चालू दुकान घालवायला निम्मं गाव प्रत्यक्ष उभं करावं लागतं. दुकान येण्याआधी अडवणं सोपं, आल्यावर घालवणं महाकठीण. तरी लोक ना-हरकतीच्या ग्रामसभेला जात नाहीत, सुट्टीचा दिवस म्हणून झोपतात, आणि दुकान उघडल्यावर लाटणी घेऊन मोर्चा काढतात. याचा मला जेवढा राग येतो तेवढा दुकानदाराचा येत नाही.

"आम्ही दिलेली ना-हरकत रद्द केली, आता दुकान बंद करा" हा अजून एक लाडका अर्ज. दाखला परवान्याच्या फायलीत लागला, परवाना निघाला, दुकान सुरू झालं, त्यानंतर तुम्ही ठराव फिरवून काही होत नाही. अटी मोडल्या असतील, अल्पवयीन पोरांना विकत असतील, रात्री उशिरापर्यंत मागच्या दाराने चालू असेल तर ती तक्रार वेगळी, एक्साइजकडे करा, पुरावा द्या, त्यावर परवाना निलंबित होऊ शकतो. ती तिसरीच वाट आहे, तिला ग्रामसभाही लागत नाही आणि मतदानही नाही.

गावठी, हातभट्टी, टपरीवर लपवून विकणारे यांच्यासाठी तर यातलं काहीच नाही. ज्याच्याकडे परवानाच नाही त्याचा परवाना मतदान घेऊन कसा बंद करणार? ते पोलिसांचं आणि एक्साइजचं काम, धाड टाकायची, गुन्हा नोंदवायचा. तरी हातभट्टी बंद करा म्हणून बाटलीचं मतदान मागणारे अर्ज येतात. आणि वर्धा, गडचिरोलीची दारूबंदी हा प्रकारही अजून वेगळा, तो जिल्ह्यापुरता शासनाचा निर्णय, चंद्रपुरात शासनानेच २०१५ ला लावली आणि शासनानेच २०२१ ला उठवली. तिथे गावाची बाटली आडवी की उभी याचा संबंध नाही. फक्त आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी स्वतःला बाकीच्यांच्या मापाने मोजू नये, १९९६ च्या पेसा कायद्यात दारूच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण घालायचा अधिकार आहे, तिथल्या ग्रामसभेचा शब्द जास्त जड.

धंदेवाल्यांसाठी दोन शब्द. देशीच्या दुकानाचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून राज्यात दिले जात नव्हते, त्यामुळे गावात "नवीन" देशीचं दुकान आलं की समजा ते कुठून तरी हललंय, म्हणजे स्थलांतर. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरचा निकाल दिला (२० हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तिथे नंतर २२० मीटर केलं), तेव्हा हायवेवरची दुकानं आत गावात जागा शोधत सुटली, आणि ज्या गावांनी आयुष्यात कधी ना-हरकत हा शब्द ऐकला नव्हता त्यांच्याकडे अर्ज आले. तुम्ही परमिट रूम टाकणार असाल तर सरपंचाच्या शब्दावर एसी, सोफे, बार काउंटर यावर पैसे लावू नका. आधी ग्रामसभा, तीही खरी, गणपूर्तीची, महिला हजर असलेली. घाईघाईत तहकूब सभेतून काढलेला दाखला पुढे कुणी आव्हान दिलं की गळ्यात येतो, आणि दुखावलेलं गाव दोन वर्षांनी बाटली आडवी करायला येतं ते वेगळंच. शहरात सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉपी काढायची असेल तर सोसायटीचं ना-हरकत लागणार, असं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालंय, म्हणजे तिथे ग्रामसभेच्या जागी सोसायटी, आणि गाळा भाड्याने घेण्याआधी सेक्रेटरीशी बोलून घ्या.

मला विचाराल तर दोन्हीकडे गुप्त मतदानच हवं, ना-हरकतीलासुद्धा. हात वर करून घेतलेल्या ग्रामसभेत जागेचा मालक पहिल्या रांगेत बसलेला असतो, त्याच्या शेतात कामाला जाणारी बाई त्याच्यासमोर हात वर करेल का? बाटलीच्या मतदानाचा सगळ्यात मोठा गुण तोच, पडद्यामागे शिक्का कुठे मारला ते नवऱ्यालाही कळत नाही.

आणि ज्यांना खरंच दुकान बंद करायचंय त्यांनी सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्या. गल्लीवार बसा, मेलेल्यांची नावं कमी करायला फॉर्म ७, सासरी किंवा शहरात गेलेल्यांची बदलायला फॉर्म ८, हे सगळं अर्ज देण्याच्या कितीतरी आधी. वरच्या हिशोबात ११८० मधली फक्त ३० नावं कमी झाली असती तर निम्मे ५७५ झाले असते, आणि त्याच ५८० मतांत दुकान बंद झालं असतं.