सी आणि डी : नावं दोन, हेड एकच

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवून घ्यायचं काम ज्यांच्याकडे बाकी आहे, त्यांनी ते लांबवू नये. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं, आणि फितीवरचा चुंबकीय थरही काही कायमचा टिकणारा नाही. या कामाची तयारी करताना एक सल्ला हमखास मिळतो : ‘विंडोज सी ड्राइव्हवर आहे ना? मग व्हिडिओ डी ड्राइव्हवर घ्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येणार नाहीत.’ सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतील, तर हा सल्ला चुकीचा आहे. त्याने फायदा होत नाहीच, वर नुकसान होतं.

आधी थोडं गणित. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीची एक फ्रेम ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते. ठिपक्यामागे सरासरी २ बाइट धरले, तर एका फ्रेमचे सुमारे ०.८३ मेगाबाइट होतात. सेकंदाला २५ फ्रेम येतात. म्हणजे अजिबात न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) व्हिडिओ सेकंदाला साधारण २१ मेगाबाइट आणि तासाला ७५ गिगाबाइटच्या घरात जातो. उलट आजची साधी हार्ड डिस्क सलग लिहायला लागली की सेकंदाला १५० मेगाबाइट सहज लिहिते. गरजेच्या सातपट वेग हाताशी असूनही फ्रेम गळतात, चित्र मध्येच उडी मारतं, आवाज आणि ओठांची हालचाल यांचा मेळ सुटतो. हे होतं कारण १५० हा आकडा फक्त ‘सलग’ या एका शब्दावर उभा आहे.

डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात, अनेक मोठ्या डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेऱ्या. एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. तबकडीच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगणारं हेड तिथे वाचतं आणि लिहितं. तबकड्या अनेक असल्या तरी घरगुती डिस्कमधली सगळी हेड एकाच आसाला जोडलेली असतात. एक हललं की सगळी हलतात. म्हणून व्यवहारात हेड एकच समजा.

आता विंडोजला मध्येच एखादी छोटी फाइल हवी झाली. हेड व्हिडिओचा ट्रॅक (तबकडीवरचा गोल पट्टा) सोडून त्या फाइलच्या ट्रॅकवर जातं : सरासरी ९ मिलिसेकंद. तिथे पोचल्यावर हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं : सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी ४ मिलिसेकंद. जायला १३, परत यायला १३, मिळून २६. फितीवरून दर ४० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम येते, ती लिहायला डिस्कला साडेपाच मिलिसेकंद लागतात. म्हणजे मोकळा वेळ साधारण ३४ मिलिसेकंद, आणि त्यातले २६ एका फुटकळ फाइलने खाल्ले!

हेच टोकाला नेऊन बघा. डिस्कला फक्त इकडेतिकडे विखुरलेले चार-चार किलोबाइटचे तुकडे वाचायला सांगितले, तर १३ मिलिसेकंदांना एक या हिशोबाने सेकंदाला सुमारे ७७ तुकडे होतात. म्हणजे ०.३ मेगाबाइट. तीच डिस्क, तेच हेड, आणि वेग पाचशेपट कमी. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. आयबीएमच्या १९५६ च्या रॅमॅक या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात जेमतेम पावणेचार मेगाबाइट मावत आणि हवी ती जागा गाठायला सुमारे ०.६ सेकंद लागे. तेव्हापासून साठवण लाखो पटींनी वाढली, पण हेडची धाव पन्नासपटही सुधारलेली नाही. हेड धरणाऱ्या धातूच्या हाताला वस्तुमान असतं, तो हलवायला आणि थांबवायला वेळ लागणारच.

संगणकाच्या स्मृतीतला बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा, काही काळ सांभाळून घेतो. ६४ मेगाबाइटच्या बफरमध्ये अशा व्हिडिओचे तीन सेकंद बसतात. पण त्याच वेळी अँटीव्हायरसची तपासणी किंवा विंडोजचं अपडेट सुरू झालं, की मागण्यांची रांग लागते आणि तीन सेकंद पुरत नाहीत. फीत मात्र कुणासाठी थांबत नाही.

आता सी आणि डी कडे बघा. बिटची लांबी जवळपास सारखी ठेवली, तर तबकडीच्या बाहेरच्या, मोठ्या परिघाच्या ट्रॅकवर जास्त डेटा मावतो आणि एका फेरीत जास्त लिहून होतो. आतल्या कडेला हा वेग साधारण निम्म्यावर येतो. डिस्कची मोजणी बाहेरून सुरू होते, त्यामुळे आधी बनलेला सी बाहेर आणि डी आत. म्हणजे डी वर व्हिडिओ घेताना लिहिण्याचा वेग कमी मिळतो, शिवाय प्रत्येक वेळी सी गाठायला हेडला लांबची धाव घ्यावी लागते.

उपाय एकच : कॅप्चरसाठी, म्हणजे व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी, वेगळी, स्वतःचं हेड असलेली हार्ड डिस्क. तिच्यावर विंडोज नको, पेजफाइल (स्मृती अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) नको, बाकीचे फोल्डर नकोत. एकच पार्टिशन, एनटीएफएस फॉरमॅट, क्लस्टर (फाइलला जागा देण्याचं सर्वात लहान माप) ६४ किलोबाइटचा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे न दाबलेला व्हिडिओ सव्वातीन मिनिटांत अडकेल. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. एक कॅसेट झाली की फाइल दुसरीकडे हलवून डिस्क रिकामी करा. सलग मोकळ्या जागेइतकी चांगली गोष्ट हेडला दुसरी नाही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘सेकंदाला ६०० मेगाबाइट’ हा साटा जोडणीचा कमाल वेग आहे, तबकडीचा नाही. ‘संगणकाचा वेग दुप्पट करा’ म्हणणारे प्रोग्राम तर काढूनच टाका. ते मागे चालत राहून तीच डिस्क चाळत बसतात. एसएमआर प्रकारच्या डिस्कही या कामाला टाळाव्यात. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर पुढचे अनेक पुन्हा लिहावे लागतात. भरून-पुसून झालेल्या अशा डिस्कचा वेग ऐन कामात कोसळू शकतो.

एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, हेडच नाही, त्यामुळे वरची सगळी अडचण तिथे मिटते. पण स्वस्त एसएसडीचा आतला जलद भाग भरला की तिचाही वेग घसरतो, आणि कॅसेटच्या व्हिडिओसाठी तिची गरजही नाही. हफवाययूव्ही (HuffYUV) किंवा एफएफव्ही१ (FFV1) सारखा, गुणवत्ता जराही न घालवता दाबणारा कोडेक वापरला तर फाइल निम्म्याच्या आसपास येते. दोन डिस्क जोडून केलेलं रेड ० वेगवान खरं, पण एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं जातं. तिथे फाइल कॅप्चरपुरत्याच ठेवाव्यात.

सुरुवातीला बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट अर्धा तास चालवा आणि कॅप्चर प्रोग्राममधला गळलेल्या फ्रेमचा आकडा बघा. तो शून्यच हवा. तसा नसेल तर अँटीव्हायरसच्या तपासणीतून ती डिस्क वगळा, इंटरनेट तोडा आणि पुन्हा मोजा. तरीही आकडा वाढत असेल आणि डिस्क शांत असेल, तर दोष बहुधा फितीच्या डळमळीत सिग्नलमध्ये आहे. तिथे डिस्क बदलून काही होणार नाही, तो सिग्नल स्थिर करणारं टाइम बेस करेक्टर हे उपकरण लागेल.