उखळ, मुसळ आणि खांदा

शाळेत खांद्याचा सांधा 'उखळीचा सांधा' म्हणून शिकवतात. हे नाव चांगलंच जुनं आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'उलूखल', म्हणजे उखळ, हा काख, जांघ आणि दात या ठिकाणी असतो. दातसुद्धा! पण जबड्यात रुतलेला दात म्हणजे उखळात उभं मुसळच की.

खुब्याला हे नाव चपखल बसतं. खांद्याच्या बाबतीत मात्र ते जरा उदारपणे दिलेलं आहे. फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पात्याच्या, हाडाची खोबण बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जेमतेम टेकतो, आणि त्याला जागेवर धरतात ते काठावरची कूर्चेची कड, अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू. खुद्द फराही बरगड्यांना जोडलेला नाही, तो नुसता स्नायूंवर तरंगतो. हाताचा धडाशी हाडाने सांधा होतो तो एकाच जागी, गळ्याचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथे. हात चौफेर फिरतो तो यामुळेच, आणि खांदा निखळतो तोही.

निखळलेला खांदा बसवायला सुश्रुताने सांगितलेलं साधन म्हणजे मुसळ! ते काखेत देऊन खांदा वर उचलायचा आणि जागेवर बसला की स्वस्तिक बंध, म्हणजे फुलीसारखी पट्टी, बांधायचा. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथातही मऊ कापड गुंडाळलेलं मुसळ आहे, शिवाय काखेत टाच रोवून हात ओढायची रीतही. खांदा पुन्हापुन्हा निखळत असेल तर ग्रीक वैद्य काखेत डागणी देत. व्रण आक्रसला की जागा आवळेल, हा हिशेब.

खरं दुखणं कूर्चेची कड फाटण्यात आहे, हे जर्मनीत पेर्थेस यांनी १९०६ साली दाखवलं. या इजेला नाव मात्र चिकटलं ते १९२३ साली लिहिणाऱ्या इंग्रज सर्जन बँकार्ट यांचं.

कृत्रिम सांध्याची सुरुवात त्याआधीची. १८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ यांनी क्षयाने खांदा पोखरलेल्या एका पाववाल्याला प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. जंतुसंसर्गामुळे तो पुढे काढावा लागला. १९८५ साली फ्रान्सच्याच ग्रामाँ यांनी रचनाच उलटी केली: गोळा फऱ्यावर आणि खोबण दंडावर. आतले छोटे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाचा हात आता खांद्यावरच्या मोठ्या स्नायूच्या जोरावर वर जाऊ लागला.