गरोदरपणातलं युरीन इन्फेक्शन आणि गोळ्यांची भीती : पार्श्वभूमी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि विड्या वळणाऱ्या बायका एका बैठकीत तासन्‌तास लघवी दाबून बसतात. त्यात दिवस गेलेले असले की उन्हाळे लागायला, म्हणजे लघवीला जळजळ सुरू व्हायला, वेळ लागत नाही. मग घरात धण्याचं पाणी आणि सब्जा सुरू होतो. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, की सासूबाई म्हणतात, "पोटुशीला गरम गोळ्या नकोत गं." या भीतीला हसू नये. वैद्यकाच्या इतिहासातच तिला आधार आहे.

जंतूंना आवर घालणारी सल्फा औषधं १९३५ नंतर आली आणि लघवीच्या संसर्गावर हुकमी ठरली. पण १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना दिसलं, की सल्फा दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मृत्यू जास्त होत होते. कावीळ करणारं बिलिरुबिन रक्तातल्या प्रथिनाला चिकटून असतं. सल्फा त्याला तिथून हुसकावतं आणि ते बाळाच्या मेंदूत उतरतं. १९५९ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने नवजात बाळं राखाडी पडून दगावल्याच्या नोंदी आल्या, कारण ते औषध निकामी करण्याची ताकद त्यांच्या यकृतात अजून आलेली नसते. टेट्रासायक्लिन हे आणखी एक अँटिबायोटिक पोटातल्या बाळाच्या हाडांत आणि दुधाच्या दातांत साठतं, दात पिवळे-तपकिरी होतात. हा धोका चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुढचा. आणि १९६१ मध्ये थॅलिडोमाइड प्रकरण उघड झालं. ते अँटिबायोटिक नव्हतं, झोपेची आणि मळमळीची गोळी होती, पण हातापायांची वाढ न झालेली हजारो बाळं पाहून जगभर गरोदर बाईच्या प्रत्येक गोळीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

त्याच काळात बोस्टनला एडवर्ड कॅस हे डॉक्टर दुसरी बाजू मांडत होते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जळजळ नाही, ताप नाही, तरी काही गरोदर बायकांच्या लघवीत एका मिलिलिटरमागे लाखाहून जास्त जंतू सापडत. अशांना औषध दिलं नाही, तर पुढे साधारण २० ते ३५ टक्के जणींच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो, लघवी तुंबते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. मग थंडी वाजून ताप, कुशीत कळ, काही वेळा रक्तात विष पसरणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण. औषध न घेणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत बाळालाही मोजावी लागते.

अमेरिकेने १९७९ मध्ये गरोदरपणातल्या धोक्यानुसार औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं दिली. सोपं वाटलं, पण ट्रायमेथोप्रिम आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही दोन्ही अँटिबायोटिक्स 'सी'मध्ये पडली. पहिलं फोलिक अॅसिडच्या कामात आडवं येतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नको. दुसऱ्याने प्राण्यांच्या पिलांच्या सांध्यांना इजा झालेली दिसली, म्हणून दुसरा पर्याय असताना ते टाळतात. अक्षरावरून यातलं काहीच कळत नव्हतं. २०१५ पासून ती अक्षरं जाऊन सविस्तर माहिती देण्याची पद्धत आली.

आज सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांचा गरोदरपणातला अनुभव दीर्घ आणि चांगला आहे, पण लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ज्यांच्यामुळे होतो त्या आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूंवर अमॉक्सिसिलिन बरेचदा चालत नाही. म्हणून कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहण्याची तपासणी, करून मगच औषध ठरवणं बरं. १९५३ पासून वापरात असलेलं नायट्रोफ्युरॅन्टॉइन अजून चांगलं चालतं. पहिल्या तिमाहीत दुसरं योग्य औषध असेल तर ते देतात, आणि दिवस भरत आल्यावर हे थांबवतात, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. स्पेनमध्ये १९६९ मध्ये सापडलेल्या फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी पाण्यात घालून घ्यायची असते. रोज गोळ्या लपवून घ्याव्या लागणाऱ्या सुनेला हे फार सोयीचं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी होते, लघवीही पाहतात. पण लक्षणं नसलेला संसर्ग लघवीत बुडवायच्या नुसत्या पट्टीवर खात्रीने कळत नाही. कल्चर मागून घ्यावं.

बाळंतिणीच्या बाबतीत तर भीती आणखी कमी हवी. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं दुधात अगदी थोडी उतरतात; बाळाला फार तर पातळ शी होते किंवा तोंडात पांढरा थर येतो. त्यासाठी अंगावरचं पाजणं तोडायचं कारण नाही. जपायचं ते सल्फा आणि नायट्रोफ्युरॅन्टॉइन या दोघांना: बाळ महिन्याच्या आतलं असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल, कावीळ झालेली असेल किंवा घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल, तर हे गोळ्या लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावं.