रायफलच्या दस्त्यात स्प्रिंग का वाजते?

एआर-१५ किंवा एम-१६ च्या घराण्यातली रायफल चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते, गोळी सुटली की गालाखाली 'टणंग' असा स्प्रिंगचा आवाज येतो, आणि शेजारी उभ्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो मला काहीच ऐकू आलं नाही. दोघंही खरं बोलतात.

यूजीन स्टोनर या अमेरिकन डिझायनरने १९५० च्या दशकात ही रायफल आखली तेव्हा रिकॉइल स्प्रिंग दस्त्यातल्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागातल्या, अॅल्युमिनियमच्या नळीत ठेवली. गोळी सुटली की बोल्ट (काडतुसामागे बसणारा सरकता भाग) मागे येतो, बफर नावाचा जड तुकडा ढकलतो, स्प्रिंग दबते आणि सगळ्यांना परत पुढे फेकते, हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. नेम धरताना गाल नेमका याच नळीवर टेकलेला असतो, त्यामुळे आवाज हवेतून फिरून न येता गालाच्या हाडातून थेट आतल्या कानात जातो. म्हणून इअरमफ लावूनही तो थांबत नाही, उलट बाहेरचा धमाका दबला की हाच जास्त जाणवतो. (मफ मात्र काढायचे नाहीत, धमाका साधारण १६० डेसिबलचा असतो आणि १४० च्या वर कानाला इजा होऊ शकते.)

आता स्प्रिंग वाजते का? बॉलपेन उघडा, आतली स्प्रिंग दोन बोटांत धरून दाबा, ती सरळ दबत नाही, मध्येच वाकून बाजूला निसटते. स्प्रिंगची लांबी व्यासाच्या साधारण चौपट-पाचपटीच्या वर गेली की असं होतंच, आणि रायफलची स्प्रिंग तर व्यासाच्या दहापट लांब. नळी तिला वाकू देत नाही, पण त्या बदल्यात वेटोळी नळीच्या भिंतीला घासतात, शिवाय दबताना स्प्रिंग थोडी पिळली जाते म्हणून तिची टोकंही बफरवर खरवडतात. त्यात झटका बसल्यावर वेटोळ्यांमधून लाट धावते आणि पोकळ नळी सगळं वाजवून दाखवते.

सगळ्यात स्वस्त उपाय ग्रीसचा, स्प्रिंगवर पातळ थर लावायचा. आवाज लगेच बसतो, पण ग्रीस धूळ आणि काजळी धरतं, आणि थंडीत घट्ट झालं तर बोल्टची चाल मंदावते, म्हणून थापायचं नाही. दुसरा उपाय चपट्या तारेची स्प्रिंग. मला सगळ्यात पटतो तो तिसरा, स्प्रिंग मधल्या दांड्यावर ओवायची म्हणजे ती भिंतीला लागतच नाही. बॉलपेनमध्ये रिफिल हेच काम करते, आणि एके रायफलमध्येही स्प्रिंग दांड्यावरच असते, तीही दस्त्यात नाही. आपल्या लष्कराने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ मागवल्या, त्या मात्र स्टोनरच्याच घराण्यातल्या, म्हणजे स्प्रिंग पुन्हा गालाखाली.

आवाज कमी व्हावा म्हणून वेटोळी कापू नका, जोर कमी झाला की बोल्ट पुढे नीट बसत नाही. आणि बफर हातात घेऊन हलवला की आत खुळखुळ येते, तीही बंद करायची नाही. आतली वजनं मुद्दाम सैल ठेवलेली असतात, बोल्ट पुढे आदळला की ती क्षणभर उशिरा आदळतात आणि त्याला मागे उसळू देत नाहीत.